आई रडत नव्हती

हॉटेलात कुत्री-मांजरं आणायला मनाई होती, आणि काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या काखेत करड्या, लांब केसांचं काहीतरी निवांत पहुडलं होतं. ज्योत्स्नाच्या कानाला फोन होता. ठाण्याच्या एक बाई विचारत होत्या की तुमच्याकडे धुकं किती वाजता असतं, आणि मागच्या वेळी दोन दिवस राहूनही दिसलं नाही त्याची जबाबदारी कोणाची.

"धुकं आमच्या हातात नसतं, मॅडम," ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली. "आम्ही फक्त नाश्त्याची वेळ सांगू शकतो."

फोन ठेवून तिनं पेनानं त्या काखेकडे खूण केली. "सर, पेट्स चालत नाहीत इथे."

त्यानं खाली बघितलं. त्या केसाळ वस्तूवरून मायेनं हात फिरवला. "हा चावत नाही," तो म्हणाला. "ऐकतो फक्त."

आणि केसांचा तो अंगरखा त्यानं ओढून काढला. आत हातभर लांब माइक होता. वाऱ्याचा आवाज शिरू नये म्हणून त्याला हे पांघरूण, असं त्यानं सांगितलं. ज्योत्स्नाला हसू आलं, पण शनिवारची सकाळ होती, अकरा खोल्या रिकाम्या व्हायच्या होत्या, आणि दुसऱ्याच्या विनोदाला ती सहजासहजी हसत नसे. तिनं रजिस्टर पुढे सरकवलं. तो लिहीना. मान जराशी तिरकी करून नुसता उभा राहिला, जणू ती अजून काहीतरी बोलेल याची वाट बघत.

"मंगळवारी तुम्ही डेक्कनला होता," तो हळूच म्हणाला. "त्या कॅफेत... माइकवर."

ज्योत्स्नानं मागे वळून बघितलं. मॅनेजर पाच पावलांवर उभा होता आणि त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"कोण तुम्ही?"

"मी पडद्यामागे होतो, हेडफोन लावून. चेहरा नाही बघितला तुमचा. आवाज ऐकलेला." तो जरा थांबला. "आत्ता 'हातात नसतं' म्हणालात ना — तेव्हा कळलं."

"हळू बोला," ती दात-ओठ खाऊन म्हणाली. "आणि नाव लिहा."

त्यानं लिहिलं. समर्थ अंबाजी कडलक, नवलाख उंबरे. ती चिडली होती, तरी एवढं तिच्या लक्षात आलं की अक्षर चांगलं आहे.

ज्योत्स्ना सीताराम ओव्हाळ कुसगावची. वडील रेल्वेत ट्रॅकमन, आई शकुबाई वलवणच्या रस्त्याला भज्यांची गाडी लावायची. घरात समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्या दोघांच्या साक्षीनं लहानपणापासून ज्योत्स्नाच्या नकला. शाळेतल्या बाईंची नकल, रेल्वेच्या साहेबाची नकल. हॉटेलच्या रिसेप्शनवर लागली तेव्हा तिला कळलं की माणसं काउंटरसमोर आली की आपोआप विनोद होतात, फक्त ते कोणीतरी उचलून नीट मांडायला हवेत. दोन वर्षं झाली, आठवड्याच्या सुट्टीला, मंगळवारी, ती पुण्याला जायची. वीस-पंचवीस अनोळखी माणसांसमोर पाच मिनिटं उभी राहायची आणि परत यायची. कधी हशा व्हायचा, कधी खुर्च्या सरकल्याचा आवाज. एका शब्दासाठी ती तीन-तीन मंगळवार खर्ची घालायची. 'विचारलं' म्हणावं की 'पुसलं'? 'साहेब' आधी यावं की नंतर?

तिचा सगळ्यात जिवाचा विनोद आडनावाचा होता. आठ महिने घासला होता तिनं तो. एक साहेब काउंटरवर येतात. नाव काय तुमचं? ज्योत्स्ना. पूर्ण नाव? ज्योत्स्ना सीताराम ओव्हाळ. ओव्हाळ म्हणजे कुठले? कुसगावचे. नाही, मूळचे? मूळचे पण कुसगावचे. तसं नाही हो, म्हणजे... तुम्ही लोक... इथे ज्योत्स्ना क्षणभर थांबायची. मग रजिस्टर पुढे ओढल्यासारखं करून साहेबांच्या शेजारच्या बाईंना गोड आवाजात विचारायची, मॅडम, तुमचं आडनाव? आणि बाई साहेबांच्या कानाशी लागून कुजबुजायच्या — आपण काय लिहिलंय?

लोणावळ्याला शनिवार-रविवार काढून गेलेल्या माणसांना तो लगेच कळायचा. जे जोरात हसायचे, ते नंतर शेजाऱ्याकडे बघायचे नाहीत.

समर्थ ज्या चमूबरोबर आला होता, ती मंडळी एक माहितीपट करत होती. स्टँड-अप करणाऱ्यांचा विनोद कसा घडतो, त्यासाठी ते काय सोसतात, असं काहीतरी. चारजणांवर फिल्म करायची होती, तिघं मिळाले होते. दिग्दर्शक मुंबईचा, गौरव नावाचा. समर्थनं त्याला सांगितलं की चौथी इथेच आहे, काउंटरमागे. सांगण्याआधी समर्थनं ज्योत्स्नाला विचारलं होतं, आणि तिनं एक अख्खी रात्र विचार करून, मॅनेजरला स्वतःच सगळं सांगून, मगच होकार दिला होता. गौरव तिच्या घरी येऊन तिच्याशी अर्धा तास बोलला. रिसेप्शनिस्ट आहे हे ऐकून तो 'वा' म्हणाला, आईची भज्यांची गाडी आहे हे ऐकून 'वा' म्हणाला, आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून तर नुसती मान हलवत राहिला. विनोद ऐकव असं काही तो म्हणाला नाही. तेव्हा ज्योत्स्नाला ते खटकलं नाही. आपल्यावर फिल्म होतेय याचाच आनंद मोठा होता. तिनं तीन पानी फॉर्मवर सही केली.

शूटिंग नोव्हेंबरात सुरू झालं. सकाळी कुसगाव धुक्यात असायचं, एक्सप्रेसवेवरचे ट्रक दिसायचे नाहीत, फक्त ऐकू यायचे. समर्थ रोज सगळ्यात आधी तिच्याकडे यायचा तो छोटा माइक घेऊन. कॉलरला लावायचा, वायर आतून न्यायची. पहिल्या दिवशी तो माइक हातात धरून अवघडून उभाच राहिला.

"तुम्हीच लावा," तो म्हणाला. "कुठे लावायचा ते मी सांगतो... लांबून."

"किती लांबून?"

"तुम्ही म्हणाल तेवढं."

ज्योत्स्ना वळून माइक लावू लागली, कारण आता हसू आवरेना आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यानं तिला पहिल्यांदा दुखावलं. म्हणाला, तुम्ही पंचच्या, म्हणजे शेवटच्या हसवणाऱ्या वाक्याच्या आधी श्वास घेता, मोठा. माझ्या कानात स्पष्ट येतो. तुम्ही श्वास घेतला की लोकांना कळतं, आता हसायचंय. सावध झालेला माणूस कमी हसतो. ज्योत्स्नाला संताप आला. दोन वर्षं हे मी करतेय, तुम्ही वायरी गुंडाळता, असं तिनं त्याला ऐकवलं. तो वायरी गुंडाळत राहिला.

पण पुढच्या मंगळवारी, तळेगावच्या एका छोट्या हॉलमध्ये, तिनं तो श्वास आधीच, 'मूळचे पण'च्या वेळी घेऊन टाकला. 'आपण काय लिहिलंय' हे नुसतं ओठांतून घरंगळलं. आणि हशा असा आला की ती स्वतः दचकली. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. तिनं कोपऱ्यात बघितलं. समर्थ हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून, डोळे मिटून हसत होता.

त्या दिवसापासून ती त्याला 'तू' म्हणू लागली.

मग त्याच्याबद्दल एकेक कळत गेलं. आयटीआय करून तो तीन वर्षं गावाजवळच्याच कारखान्यात प्रेस मशीनवर होता. मशीन बिघडणार हे त्याला आवाजावरून आदल्या दिवशीच कळायचं. सुपरवायझर म्हणायचा, कान आहेत का काय तुला. मग तो आवाजाचंच शिकला. घरी शेती, आई नंदाबाई, वडील अंबाजी, त्यांना अजून वाटायचं की पोरगा लग्नात लाऊडस्पीकर लावतो. हे सांगताना तो हसला नाही, म्हणून ज्योत्स्ना खो खो हसली. आणि तिला जाणवलं की इतक्या वर्षांत आपण पहिल्यांदाच कोणाचं बोलणं वहीत टिपून न घेता ऐकतोय.

घरातलं शूटिंग संपलं त्या दुपारची गोष्ट. समर्थनं सगळ्यांना सांगितलं, एक मिनिट कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, ती टिपून ठेवावी लागते, नंतर जोडायला लागते. सगळे जागच्या जागी थिजले. शकुबाई डब्याचं झाकण हातात धरून थांबल्या. लांबून ट्रकची घरघर, पत्र्यावर पाखराची नखं, बाकी काही नाही. असा आवाज टिपताना समर्थ नेहमी डोळे मिटायचा. त्या दिवशी त्यानं मिटले नाहीत. तो ज्योत्स्नाकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे, आणि कोणालाच बोलायची परवानगी नव्हती... एक मिनिट एवढं लांब असतं हे तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तोच म्हणाला, झालं.

गौरव मात्र दिवसेंदिवस हट्टाला पेटला होता. त्यानं कॅमेरा लावून ज्योत्स्नाला विचारलं, लोक आडनाव विचारतात तेव्हा तुला काय वाटतं? ती म्हणाली, राग येतो. तो म्हणाला, तो ठीक आहे, पण आत खोलवर? ती म्हणाली, खोलवर पण रागच येतो. त्यानं पुन्हा विचारलं, कुठेतरी दुखतं ना? ज्योत्स्ना म्हणाली की दुखतं तेव्हाच राग येतो आणि राग आला की विनोद सुचतो, तुम्ही विनोदाबद्दल विचारा ना. गौरवनं कॅमेरा बंद करायला सांगितला. पडद्यावर राग कर्कश दिसतो, असं त्याचं मत होतं.

मग तो गाडीवर गेला. शकुबाई कांदे चिरत होत्या. रविवारची गर्दी होती, पाच किलो कांदा पडला होता. मुलगी असं लोकांसमोर उभी राहते, कसं वाटतं, असं त्यानं विचारलं. शकुबाईंनी मनगटानं डोळे पुसले आणि सांगितलं की पोरगी लय गुणाची आहे. एवढंच. त्यांना वेळ नव्हता.

जानेवारीत फिल्म तयार झाली. लोणावळ्यातल्या एका हॉलमध्ये, शनिवारी चार वाजता, पहिला खेळ ठेवला होता. सत्तरएक माणसं होती. पैसे लावणारी मंडळी, पुण्याचे काही कलाकार, हॉटेलचा मॅनेजर. फिल्म संपली की ज्योत्स्नानं दहा मिनिटं प्रत्यक्ष सादर करायचं, असं ठरलं होतं. शकुबाई नवी साडी नेसून शेवटच्या रांगेत, दाराच्या वाऱ्याला बसल्या. समर्थ दाराशी दिसला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. "आत जायच्या आधी, ज्योत्स्ना..." असं तो म्हणाला आणि नेमके हॉलचे दिवे मालवले.

ज्योत्स्नाचा भाग अकरा मिनिटांचा होता.

धुकं. बासरी. कुसगावचा रस्ता, त्यावरून एकटी चाललेली ज्योत्स्ना. मग स्टेजवर ती. नाव काय तुमचं? पूर्ण नाव? मूळचे? तुम्ही लोक... आणि इथे पडदा बदलला. रजिस्टर नाही, शेजारची बाई नाही, कुजबुज नाही. थेट तिचा चेहरा, जवळून, गप्प. घरातला. भिंतीवरचा फोटो मागे अंधुक दिसत होता. डोळे भरल्यासारखे, ओठ जरासे विलग. तिला क्षणभर कळेना हे कधी घेतलं. मग कळलं. घरातल्या त्या शांततेचं मिनिट होतं ते, कॅमेरा चालूच राहिलेला. समोर समर्थ उभा होता, त्याच्याकडे बघत असतानाचा तिचा चेहरा गौरवनं उचलून अपमानाच्या पुढे चिकटवला होता.

त्यानंतर शकुबाई, मनगटानं डोळे पुसताना. 'पोरगी लय गुणाची आहे.' खाली विळी होती, कांदे होते, ते चौकटीतून कापले होते. बासरी वाढली. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं.

विनोदावरच्या फिल्ममध्ये, अकरा मिनिटांत, ज्योत्स्ना ओव्हाळचा एकही विनोद नव्हता.

दिवे लागले. टाळ्या झाल्या, त्या विशिष्ट मऊ टाळ्या, आजारी माणसाच्या खोलीत वाजवल्यासारख्या. गौरवनं तिचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. तिनं धुक्याचा विनोद सांगितला. समोर सत्तर चेहरे कळवळून बघत राहिले. रेल्वेच्या साहेबाची नकल केली. एका बाईंनी मान हलवली, किती सोसलंय पोरीनं अशी. ज्योत्स्नाला कळून चुकलं. दया आलेल्या माणसाला हसता येत नाही. तिची दोन वर्षं या लोकांनी अकरा मिनिटांत तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि वर डोळे पुसले होते.

ती गप्प झाली. दहा सेकंद, पंधरा सेकंद. कोणीतरी हळूच म्हणालं, पाणी द्या तिला.

तेव्हा शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शकुबाई उभ्या राहिल्या होत्या.

"ओ दादा," त्या गौरवला म्हणाल्या. त्यांना माइकची गरज नव्हती, गाडीवर उभं राहून आवाज तयार झालेला होता. "मी रडत नव्हते. मी कांदा चिरत व्हते. पाच किलो. तुमीच हुबे व्हता की म्होरं."

शकुबाईंचा राग अजून निवला नव्हता.

"आन् तुमालाबी पानी आलं व्हतं डोळ्याला. त्ये न्हाई दावलं फिल्ममदी?"

पहिला हसला तो हॉटेलचा मॅनेजर. मग पुण्याचे कलाकार. मग सगळा हॉल, एकदम, बांध फुटल्यासारखा. ज्योत्स्नानं स्टँडवरून माइक काढून हातात घेतला. तिच्या आवाजात आता धार होती.

"आईनं सांगितलं ते खरंय," ती म्हणाली. "या फिल्ममध्ये दोन गोष्टी कापल्यात. एक कांदा, आणि एक माझा पंच. कांदा आईनं परत आणला. आता माझं मी बघते."

आणि तिनं आडनावाचा विनोद पहिल्यापासून सांगितला. जिथे फिल्म थांबली होती तिथे आली, श्वास न घेता पुढे गेली, आणि मॅडमची कुजबुज तिनं थेट पैसे लावणाऱ्यांच्या रांगेकडे बघून सोडली. हशा छताला लागला. गौरव दाराजवळ उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्या चेहऱ्यावर राग होता. तो खरोखरच कर्कश दिसत होता.

हॉलच्या मागे गाड्या लावायची जागा होती. समर्थ तिथे आला. तो बोलायच्या आतच ज्योत्स्नानं विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्यानं खोटं सांगितलं नाही. बारा दिवसांपूर्वी आवाज जोडायला बसला तेव्हा त्यानं हे पाहिलं होतं. रोज भांडत होता गौरवशी, पंच परत घाल म्हणून. वाटलं होतं ऐकेल. वाटलं होतं, तिला कळायच्या आतच सगळं नीट होऊन जाईल.

"बारा दिवस तू माझ्या वतीनं भांडत होतास," ज्योत्स्ना म्हणाली, "आणि मलाच माहीत नव्हतं. बारा दिवस रोज फोनवर बोलत होतास. जेवलीस का, विचारत होतास."

"तुला त्रास होईल म्हणून..."

"त्यानं पण हेच ठरवलं, समर्थ. मला काय होईल, मला काय झेपेल. माझा चेहरा, माझी आई, माझा विनोद. आणि तो चेहरा तर..." तो चेहरा कोणासाठी होता हे दोघांनाही माहीत होतं. "तुम्हाला सगळ्यांना माझं माझ्या आधी कळतं. मला कोणी विचारतच नाही."

ती आईला घेऊन रिक्षानं घरी गेली. समर्थचे फोन आले, ते तिनं उचलले नाहीत.

गौरवला तिनं पत्र लिहिलं. विनोद घाला तर पूर्ण घाला, नाहीतर मला काढा. त्यानं फॉर्मवरच्या सहीची आठवण करून दिली. मग तिनं उत्तर पाठवलं की सही मी फिल्मवर केली होती, माझ्या तोंडातला घास काढून घ्यायला नाही, आणि तुम्ही दाखवा खुशाल, मी जिथे उभी राहीन तिथे कांद्याची गोष्ट सांगेन. तोवर हॉलमधल्या कोणीतरी मोबाइलवर टिपलेल्या शकुबाई कामशेत-तळेगावपर्यंत फोनाफोनी फिरत होत्या. गाडीवर लोक भजी खायला येऊन विचारायचे, त्या तुम्हीच का, आणि शकुबाई म्हणायच्या, व्हय, अन् रडत नव्हते. महिन्याभरानं गौरवनं ज्योत्स्नाचा भाग फिल्ममधून काढून टाकला. अख्खा. ती त्या दिवशी खूप रडली. फिल्ममध्ये असावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मंगळवारी मात्र ती पुण्याला गेली आणि नवी दहा मिनिटं सादर केली. दुसऱ्याच आठवड्यात तिला पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला.

फेब्रुवारी संपत आला होता. पुण्याचा कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून त्या मंगळवारी दुपारी ती आईला मदत करायला गाडीवर आली होती. शकुबाईंनी एकदम तिला सांगितलं की कोथिंबीर संपली, वर धरणाच्या बांधाच्या वळणावर कोथिंबीरवाला उभा असेल, एक जुडी आण जा. ज्योत्स्ना चढण चढून गेली. धरणाचं पाणी उतरलं होतं, काठाला तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडला होता. वळणावर कोथिंबीरवाला नव्हता. समर्थ होता.

तो वाळला होता. हातात काही नव्हतं, ना माइक, ना फूल. ती परत फिरली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

त्यानं सांगितलं की फिल्मवरून त्यानं आपलं नाव काढून घेतलंय, तिचा भाग निघायच्या आधीच. गौरव त्याला पुन्हा बोलावणार नाही. आता एका कीर्तनकार बुवांचा आवाज टिपतो, काम बरं आहे. हे सगळं त्यानं मातीकडे बघत सांगितलं. मग मान वर केली.

"घरी सांगितलंय मी," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल. नाव, गाव, आडनाव, सगळं. आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. आबा म्हणाले, लोकं काय म्हणतील. मी म्हणालो, लोकं काय म्हणतात ते ती माइकवर सांगते, ऐकायला चला एकदा. काल आई म्हणाली... ती पोरगी जेवते काय आपल्यातलं, का लय तिखट खाती."

ज्योत्स्ना हसणारच होती, पण तेवढ्यात संताप वर आला.

"घरी सांगितलंस? मला विचारायच्या आधी?"

चूक कळली ती त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटली.

"नवलाख उंबऱ्यात माझ्या तिखटाची चर्चा झाली," ती म्हणाली, "आणि मी इथे कोथिंबीर शोधतेय. काय सांगितलंस त्यांना? मी हो म्हणाले म्हणून?"

"नाही. तसं नाही. मी म्हणालो, मला आवडते. तिचं माहीत नाही."

"मग विचार की. मला विचार. पूर्ण वाक्यात."

खालून एक कंटेनर घाट चढत होता, त्याच्या घरघरीत पहिला प्रयत्न वाहून गेला. ज्योत्स्नानं कानाला हात लावला. तो एक पाऊल पुढे आला.

"ज्योत्स्ना, मला तू आवडतेस. तुझा राग पण. मी चुकलो... आणि पुन्हा चुकलो, आत्ताच. तू माझ्याशी लग्न करशील का?"

तिनं पाण्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत कोणी तिला सरळ प्रश्न विचारला नव्हता, उत्तर आधी ठरवून न ठेवता.

"व्हय," ती म्हणाली. हॉटेलातल्या मराठीत नाही, घरातल्या. "पण एक अट आहे. माझ्याबद्दलचं काही तुला माझ्या आधी कळलं, तर त्याच दिवशी मला सांगायचं. त्रास होईल, झेपेल की नाही, ते माझं मी बघेन."

"सांगेन," समर्थ म्हणाला. तिचा हात त्यानं हातात घेतला. मग त्याचा चेहरा जरा ओढल्यासारखा झाला. "मग... आत्ताच सांगतो. तुझ्या आईला माहीत आहे. दर रविवारी तू ड्यूटीला असतेस तेव्हा मी गाडीवर येतो. पाच रविवार झाले. पहिल्या दिवशी माफी मागितली त्यांची. मग सगळंच सांगितलं. आज तुला वर पाठवते, असं त्याच म्हणाल्या."

ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली, गाडीकडे. शकुबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, उगाचच कढई पुसत.

"पाच रविवार," ती म्हणाली. "आणि रोज रात्री मला विचारतेय, पोरी तुजं काय बिनसलंय."

ती तरातरा उतार उतरू लागली. आईला चार शब्द सुनावायचे होते, ते तिनं वाटेतच जुळवायला घेतले. समर्थ मागून धडपडत येत होता, कारण हात अजून तिच्या हातात होता आणि ती तो सोडायला विसरली होती.